नानांनी दिलेली गाडी

शेखर निफाडजवळच्या एका गावचा. वडील लवकर गेले आणि घर थोरल्या भावाच्या, रंगनाथच्या हाती आलं. सगळं गाव त्याला नाना म्हणायचं, तसं शेखरही म्हणायचा. नानांनी बाग वाढवली, द्राक्षांचा व्यापार धरला आणि वर आले. शेखर आयटीआय करून सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून लागला. तिथे एकदा मोटर उतरवताना साखळी निसटली आणि त्याच्या उजव्या पायाचा घोटा चिरडला. हाड जुळलं, पण घोटा ताठला तो ताठलाच. पुढे कारखान्याने गाशा गुंडाळला तेव्हा त्याला चांदवडच्या अलीकडे कांदा सुकवायच्या कंपनीत काम मिळालं. नाशिकहून रोज जाऊन-येऊन करायचं. एसटीत उभं राहून संध्याकाळी घोट्याचा भोपळा व्हायचा.

ते बघून नानांनी त्याला आपली जुनी गाडी दिली. दिली ती दसऱ्याला, अख्खी भावकी सोनं द्यायला जमली असताना, ओसरीवर सगळ्यांसमोर.

"घे," नाना म्हणाले. "बंपर जरासा घासला होता, नवा बसवलाय. बाकी गाडीला नाव ठेवायला जागा नाय."

शेखरने वाकून पाया पडून चावी घेतली. आई, कुसाबाई, डोळे पुसत म्हणाली, "असा भाऊ कुणाला मिळत नसतो."

तेव्हापासून शेखर त्या घराचा बिनपगारी ड्रायव्हर झाला. नानांचे पाहुणे नाशिकरोड स्टेशनवरून आणायचे, वहिनींना लग्नांना न्यायचं, आईला गंगापूर रोडच्या डॉक्टरकडे दाखवायचं. रविवार स्वतःचा असा राहिलाच नाही. बायको, स्नेहल, कधी कुरकुरली तर तो म्हणायचा, "गाडी कुणी दिली?"

गाडीतली एकच गोष्ट मात्र शेखरच्या अगदी जिवाची होती. गाडी जुनी असली तरी वरच्या मॉडेलची, तिला क्रूझ कंट्रोल होतं. आडगाव मागे पडून रस्ता मोकळा झाला की तो स्टिअरिंगवरचं बटण दाबायचा आणि पाय पेडलवरून काढून घ्यायचा. गाडी आपली धरलेल्या वेगाने चालत राहायची. तेवढा वेळ घोट्यात कळ नसायची. दिवसभरात त्याला सुख म्हणावं असं तेवढंच होतं.

तिसऱ्या वर्षी ते बंद पडलं. आधी मधूनच सुटायचं, मग धरेचना. पुन्हा घोटा ठणकायला लागला. एका रविवारी नानांकडून बोलावणं नव्हतं, तेव्हा शेखर सकाळीच मीटर घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीशी बसला.

फ्यूज शाबूत होता. ब्रेकच्या पेडलमागे एक स्विच असतो. तो बिघडला तर गाडीला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे, आणि क्रूझ धरत नाही. तोही ठीक निघाला. क्लचचाही ठीक. शेखर वैतागून उठला, उठताना हाताचा दाब हॉर्नवर पडला, पण हॉर्न वाजलाच नाही. त्याने स्टिअरिंग सरळ केलं, तेव्हा वाजला. डावीकडे फिरवलं की मुका.

मग त्याला उमगलं. स्टिअरिंगच्या पोटात तारांची एक चपटी पट्टी गुंडाळलेली असते. चाक फिरलं तरी वीज तुटू नये म्हणून. हॉर्न, क्रूझची बटणं आणि एअरबॅग, तिन्हींच्या तारा त्या एकाच पट्टीतून जातात. पट्टी तुटली असेल तर क्रूझबरोबर हॉर्नही रुसणार. पण मग एअरबॅगचा लाल दिवाही लागायला हवा होता. तो कधीच लागला नव्हता.

बॅटरीची तार काढून, थोडं थांबून, त्याने जपून स्टिअरिंगवरचं झाकण सोडवलं. एअरबॅगला दचकवायचं नसतं. पण झाकणामागे दचकायला काही नव्हतंच. एअरबॅगच्या जागी फोमचा तुकडा कोंबलेला होता. जोडणीच्या दोन टोकांमध्ये एक बारीकसा रेझिस्टर बसवून त्यावर काळी टेप गुंडाळली होती. गाडीने तपासलं तर तिला वाटावं एअरबॅग आहे, दिवा लागू नये, एवढ्यासाठी. आतली पट्टी एका कडेने करपली होती. एअरबॅग फुटते तेव्हा अशी आच लागते. त्याने समोरचा कप्पा उतरवून डावी बाजू पाहिली. तिथेही तेच.

चहा घेऊन आलेली स्नेहल त्याचा चेहरा बघून थांबली. त्याने सगळं सांगितलं. तिने कप बॉनेटवर ठेवला.

"वहिनी त्यांच्या सार्थकला या गाडीत कधी पुढे बसू द्यायच्या नाहीत," ती म्हणाली. "तो हट्ट करायचा, तर दंडाला धरून मागे ओढायच्या. मला वाटायचं, मोठ्यांना मान देतायत."

पुढच्या सीटवर आई बसायची. आई नसली की शेखरची लेक.

कामावर जायला गाडी तर लागणारच होती. आठवड्याभरात त्याने जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून पट्टी आणून बसवली. हॉर्न आला, क्रूझही पहिल्यासारखं धरायला लागलं. रेझिस्टर मात्र त्याने परत लावला नाही. लाल दिवा पेटला, तो पेटताच ठेवून पुढच्या रविवारी तो गावी गेला.

नाना शेडमध्ये पेट्या भरून घेत होते. शेखरने दोन्ही रेझिस्टर त्यांच्यापुढे धरले.

"गाडी ठोकली होती, नाना?"

नानांनी हातातलं काम थांबवलं नाही. "पिंपळगावपाशी. तुला द्यायच्या आदल्या साली."

"मला बंपर घासला म्हणालात."

"मग काय म्हणायचं होतं? सांगितलं असतं तर घेतली असतीस का?"

"नसती घेतली."

"म्हणजे बसला असतास एसटीत लोंबकळत. तीन वर्षं फिरलास ना? काय झालं का?" नाना आता वळले. "धर्माची गाय आणि दात का गं नाय!"

शेडमधल्या बाया हसल्या. शेखरने आवाज चढवला. "आई बसायची तिच्यात, नाना. तुमचीही आई आहे ती."

"लय शहाणा झाला," नाना एवढंच म्हणाले.

शेखर घरात आईकडे गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ठोकली होती ते ठाऊक हाय मला. आतलं मला काय कळतंय? पण बापाच्या जागी हाय तो. चार बायांपुढं त्याला असं बोलायचं नव्हतं."

शेखरने चावी देवळीत ठेवली आणि निफाडला येऊन एसटी धरली. भावकीत बोभाटा झाला तो वेगळाच: शेखरने दिलेली गाडी तोंडावर फेकली.

उन्हाळ्यात, कंपनीने नुकत्याच सुरू केलेल्या बसमधून जाताना वडाळीभोईला एका कृषी सेवा केंद्रासमोर त्याला ती गाडी दिसली. संध्याकाळी तो मुद्दाम तिथे उतरला. दुकानदार मनोज म्हणून होता, सालस माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं. एजंटकडून गाडी घेतली म्हणाला.

"तिच्यात एअरबॅग नाहीत," शेखर म्हणाला. "अपघात झालाय तिचा. दिवा लागत नसेल, तर मी काढलेला रेझिस्टर कुणीतरी परत बसवलाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"गाडी माझ्याकडे होती. माझ्या भावाची."

मनोजने एजंटला फोन लावला, एजंटने नानांचा नंबर दिला. नानांशी तो दुकानाबाहेर जाऊन बोलला. परत आला तेव्हा शेखरकडे नीट बघत नव्हता.

"भाऊबंदकी आहे म्हणे तुमची," तो म्हणाला. "ते तुमचं तुम्ही बघा, दादा. मला कशाला मध्ये घेता?"

"दहा मिनिटं द्या. झाकण उघडून दाखवतो."

"नको, हात लावू नका. मी गाडी घेताना सगळं तपासून घेतलंय. धोक्याचा एकही दिवा लागत नाही. हॉर्न चालतो, एसी चालतो. क्रूझसुद्धा चालतं. एवढ्या जुन्या गाडीत कुठे चालतं? तेच बघून तर घेतली."

"ते मी दुरुस्त केलंय," शेखर म्हणाला.

मनोज ओशाळं हसला. आपण दुरुस्त करून दिलेल्या गाडीला कुणी नावं ठेवतं का, असंच काहीतरी त्याच्या मनात असावं. शेखरने मग एखाद्या मेकॅनिकला तरी दाखवा म्हणून विनवलं. मनोज हो हो म्हणत गिऱ्हाइकाकडे वळला.

आठवड्याने आईचा फोन आला. "तू लोकांच्या दारात जाऊन भावाची बदनामी करतो म्हणे."

शेखरने समजावायला तोंड उघडलं, पण फोन तिने ठेवला होता.

अजूनही ती गाडी कधी कधी सकाळी बसच्या शेजारून पुढे निघून जाते. वेग जराही कमीजास्त न होता, एकसारखी. पुढच्या सीटवर मनोजची बायको असते, मांडीवर लहान मूल. शेखर खिडकीशी बसलेला असतो. पहिल्यांदा त्याने काचेवर हात आपटून खुणा केल्या होत्या. त्या बाईला वाटलं ओळखीचा कुणी असेल, तिने मुलाचा हात धरून टाटा करायला लावलं.