मायचं विमानातलं मेज

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा सगळ्यांत जास्त खूश आम्ही फर्निचरवाले होतो. नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले, आणि साहेब आला की त्याला आधी खुर्ची लागते. कचेऱ्यांच्या जागा भाड्याच्या, खोल्या लहान, म्हणून सगळ्यांना घडी होणारं सामान हवं असायचं. एका साहेबाची खोली तर आधी मिरचीचं गोदाम होती. सही करता करता त्यांना शिंका यायच्या. गावाबाहेर माझं पत्र्याचं शेड होतं. तिथं आम्ही घडीच्या खुर्च्या, घडीची मेजं आणि दवाखान्याच्या लोखंडी खाटा करायचो.

पण त्याच काळात पावसानं पाठ फिरवली. विहिरी आटल्या, आडात पोहरा सोडला की नुसता दगडावर आपटायचा. गल्लीत टँकर यायचा तेव्हा बायका घागरी घेऊन धावायच्या. अशाच एका गर्दीत माय पडली. डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण मनगट वाकडंच बसलं. हात उताणा केला की थरथरायचा.

दुसऱ्या कुणाचा डावा हात असा झाला असता तर निभलं असतं. आमच्या घरात तसं नव्हतं. आम्ही लिंगायत. मायच्या गळ्यात लहानपणापासून चांदीच्या डबीत इष्टलिंग. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायचं, पळीभर पाणी सोडायचं. ही पूजा झाल्याशिवाय माय तोंडात पाण्याचा थेंब घेत नसे. आणि लिंग हातातून खाली पडणं म्हणजे तिच्या लेखी प्राण जाण्यासारखं. घरी ती चौरंगावर हात टेकवून कसंबसं निभावून न्यायची.

माझी थोरली बहीण विलायतेत होती. मेहुणे तिथं डॉक्टर. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. त्या वर्षी तिला दिवस गेले. आमच्या घरी फोन नव्हता, कोपऱ्यावरच्या मेडिकल दुकानात होता. तिथून निरोप आला की पळत जायचं. बहीण फोनवर रडत होती. "मायला पाठव. डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलंय. मला भ्या वाटतंय रे."

मी घरी येऊन सांगितलं. मायचा चेहरा आधी उजळला. मग ती सूप घेऊन ज्वारी निवडायला बसली.

"मला न्हाई जमायचं," ती सुपात बघत म्हणाली.

"का? पासपोर्टचं मी बघतो. मुंबईहून मेहुण्यांच्या ओळखीचं एक जोडपं तिकडं चाललंय, त्यांच्याच विमानानं जा."

"न्हाई म्हणलं ना."

चार दिवस असेच गेले. भीती विमानाची असेल, थंडीची असेल, असं मला वाटत होतं. शेवटी माझ्या बायकोनं तिला भाकरी करता करता बोलतं केलं. विमानात सकाळ होणार. पूजा कशी करायची? हात टेकवायला काय? पूजा नाही म्हणजे खाणं नाही, पाणी नाही. आणि मायला साखरेचा आजार. उपाशी राहिली की डोळ्यापुढं अंधारी यायची, एकदा तर न्हाणीच्या दारात कोसळली होती.

"आणि समजा पूजा केलीच," माय म्हणाली, "अन् विमान हाललं, लिंग खाली पडलं, लोकाच्या पायात गेलं, तर मी कुठं तोंड दाखवू?"

मी म्हणालो, "एवढंच ना? मी मेज करून देतो."

बोलून तर गेलो. पण विमान मी फक्त आभाळात पाहिलं होतं.

आधी आम्ही मठात गेलो. माय स्वामींपुढं बसली आणि तिनं विचारलं, लिंग मेजावर ठेवून पूजा चालेल का? स्वामी वयस्कर होते, हळू बोलायचे. "आपल्यात तळहात हेच पीठ, अक्का. लिंग हातावरच पाहिजे. पण हाताखाली काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा." अंघोळीचंही तिनं विचारलं. तेव्हा ते हसले. "या दुष्काळात रोज कोण अंघोळ करून राहिलंय? ओल्या फडक्यानं अंग पुसा, भस्म लावा." ते तर माय दोन उन्हाळे करतच होती.

म्हणजे मला मेज करायचं होतं ते देवासाठी नव्हे, हातासाठी.

शेडच्या शेजारी एका मुसलमान शिंप्याचं घर होतं. त्याचा मुलगा आखातात वेल्डर होता, सुटीवर आला होता. दोनदा विमानात बसलेला आमच्या ओळखीतला तो एकटाच. मी त्याला चहाला बोलावलं आणि सीट कशी असते ते विचारलं.

"समजो के आपली लाल बस," तो म्हणाला, "मगर दोन्ही बाजूला कोपर ठेवायला दांडे. अन् पुढच्या सीटच्या पाठीला एक फळी. ती खाली पाडायची, तिच्यावर खाना येतो."

"मग फळी आहेच की!"

"हाय, मगर भरवसा न्हाई. पुढचा माणूस मागं रेलला की फळी तुमच्या पोटात. उठला की हालली. माझी पुरी दाल पँटवर आलती."

तो खुर्चीवर बसला, दोन्ही कोपरं अंगाशी घेतली आणि विमानात झोपून दाखवलं. मग वितीनं मोजून सांगितलं: दोन दांड्यांच्या मधे दोन विती, त्यात बोटभर कमी. पुढच्या सीटला गुडघे लागतात. मी तेवढ्या मापाची सीट लोखंडी पाइपाची केली, पुढं पत्र्याची पाठ उभी केली. शेडमध्ये आमचं विमान तयार झालं. शिंप्याच्या घरच्या बायका येऊन बसून गेल्या.

पहिलं मेज मी चार पायांचं केलं. आमच्या धंद्यातली सवय. माय बसली आणि पाय कुठं टेकवायचे तेच कळेना. मेजाचे चार आणि तिचे दोन, जागा दोनच पायांची. दुसरं मांडीवर ठेवायचं केलं, पाटासारखं, खाली गादी लावून. ते लुगड्यावरून घसरायचं. माय जरा हलली की मेज हलायचं, मेज हललं की हात. तिसरं दांड्यांना अडकवायचं केलं. ते बघून आखातवाला म्हणाला, "भाई, एक दांडा शेजारच्याचा असतो. तो झोपेत कोपर मारेल." तेही मोडीत गेलं.

मी चिडलो होतो. जेवायला घरी आलो तर बायको विळीवर दोडकी चिरत होती. एक पाय विळीच्या पाटावर दाबलेला, पातं ताठ उभं, दोडकी भराभर कापली जात होती. मी बघतच राहिलो.

"काय झालं?" ती म्हणाली. "दोडकी नको का?"

"विळी हलत का नाही?"

"मी दाबून बसलेय म्हणून. असं काय विचारून राहिलात?"

जेवण तसंच ठेवून मी शेडवर परत गेलो.

पुढचं मेज असं झालं. खाली प्लायवुडची पातळ फळी, तिच्यावर माणसानंच बसायचं. तिच्या दोन्ही कडांना ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या, मांडी आणि दांडा यांच्या मधल्या फटीत मावतील इतक्या पातळ. वर लहानसं मेज. पट्ट्या बिजागरीवर पडायच्या आणि सगळं मिळून एका पाटाएवढं सपाट व्हायचं. उभं केलं की मागंपुढं झुलू नये म्हणून दोन तिरप्या कड्या. माणूस जितका वजनदार, मेज तितकं पक्कं. माय काही वजनदार नव्हती, पण तेवढं वजन पुरलं.

वरचा भाग बायकोनं केला. मायचा हात जुन्या लुगड्याच्या घडीवर ठेवून तिनं त्याचा ठसा घेतला, वाकड्या मनगटासकट, आणि त्या आकाराची कापसाची उशी शिवली. हात त्यात बसला की उताणाच राहायचा, थरथर थांबायची. भोवती मी बोटभर उंचीचा काठ लावला आणि आतून मऊ कापड चिकटवलं. उजवीकडं पाण्याच्या गडव्यासाठी एक गोल भोक.

शेडमध्ये सगळं छान जमलं. पण माय म्हणाली, "हे इमान तर उभं हाय. चालत्याचं काय?"

त्यावरचा उपायही तिनंच काढला. नांदेडला मामाकडं आम्हाला जायचंच होतं. चाकूर, अहमदपूर, लोहा असा तो रस्ता, तेव्हा निम्मा खणलेला. दुष्काळी कामावर लोक खडी फोडत बसलेले. "त्या बसमधी करते पूजा," ती म्हणाली. "तिथं टिकलं तर पुढचं बोल."

आम्ही सकाळच्या बसनं निघालो. माय खिडकीशी, शेजारी माझी बायको, मी मधल्या वाटेत उभा. मायनं पाणीही घेतलं नव्हतं. चाकूर मागं पडल्यावर तिनं मेज उभं केलं, वर हात ठेवला, डबी उघडली. पुढच्या बाकावरचा फेटेवाला म्हातारा वळून बघायला लागला. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि थबकला.

"ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगू का, आजी?"

"नगं," माय म्हणाली. "तसंच चालू द्या."

विभूती लावून झाली. बेलाचं पान ठेवून झालं. पाणी सोडायला तिनं पळी उचलली आणि तेवढ्यात बस एका खड्ड्यात आदळली. सगळी माणसं बाकावरून उचलली गेली. माझं डोकं वरच्या दांडीवर आपटलं. मी खाली बघितलं तेव्हा मायचा तळहात रिकामा होता.

बायकोनं माझा दंड घट्ट धरला. माय खाली वाकली नाही. ती मेजाकडं बघत होती. लिंग तळहातावरून कलंडून काठाला जाऊन टेकलं होतं, मऊ कापडाला. जमिनीपासून कितीतरी वर. तिनं उजव्या हातानं ते उचललं, डोळ्यांना लावलं, परत तळहातावर ठेवलं आणि पाणी सोडलं.

पूजा संपल्यावर तिनं डबी गळ्यात अडकवली, मेजाची घडी केली आणि बायकोनं दिलेली दशमी खाल्ली. मला म्हणाली, "तुझ्या डोस्क्याला लागलं का रे?"

"नाही लागलं."

"मग तिकडं कळीव, मी येते म्हणून."

मी लोह्याच्या स्टँडवर उतरून तोंडावर पाणी मारायला गेलो, तर नळ कोरडा. तसाच उन्हात उभा राहिलो. इतकं हलकं मला पुष्कळ दिवसांत वाटलं नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं ते मेज पिशवीतून काढून उलटंसुलटं केलं. पट्ट्या, बिजागऱ्या, कड्या. मी काचेच्या अलीकडं होतो, बोलणं ऐकू येत नव्हतं. नुसतं दिसत होतं: माय त्याच्या खुर्चीकडं बोट दाखवतेय, तो उठतोय, माय खुर्चीवर बसतेय आणि मेज उभं करून दाखवतेय. त्यानं आणखी एकाला बोलावलं. दोघांनी मेज दाबून बघितलं. मग त्यानं स्वतः घडी करून पिशवीत घातलं आणि मायला हात जोडले. ओळखीच्या जोडप्याबरोबर ती आत गेली, मागं वळून न बघता.

परत आल्यावर मी मेडिकल दुकानाच्या पायरीवरच ठाण मांडलं. दुकानदार म्हणाला, "घरी जा, निरोप देतो." पण घरी जाऊन करणार काय? तिला चक्कर आली असेल, मेज तुटलं असेल, असं काय काय मनात येत होतं. फोन वाजला तेव्हा दुकानदारानं रिसीव्हर उचलला आणि हसत माझ्या हातात दिला.

"पोचले," माय ओरडून बोलत होती, जणू आवाज तिथून इथपर्यंत तिलाच पोचवायचा होता. "पूजा झाली. खाल्लं बी."

"विमान हललं का?"

"हाललं की. पट्टे बांधा म्हणले. पर आपल्या रस्त्यापरीस लई बरं हाय. तिथली एक पोरगी पानी घेऊन आली, पूजा होस्तोर उभी राह्यली. शेजारच्या बाईनं मेज मागून घेतलं, तिचं लेकरू त्याच्यावर डोकं ठेवून झोपलं. मी म्हणलं झोपू दे."

मागून बहिणीचं हसणं ऐकू आलं. मी नुसता हं हं करत राहिलो. दुकानदारानं माझ्यापुढं स्टूल सरकवलं. मी बसलो.

बहिणीला मुलगी झाली, सुखरूप. माय तिथं बरेच महिने राहिली.

ती तिकडं असतानाच धर्माबादचे एक अडत व्यापारी शेडवर आले. विमानात मांडायच्या मेजाचं त्यांना नांदेडला माझ्या मामांकडून कळलं होतं. त्यांना अमेरिकेत मुलाकडं जायचं होतं. दोन्ही हातांना कंप. चारचौघांत जेवायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं, आणि विमानात तर एका बाजूला परका माणूस, दुसऱ्या बाजूलाही परका. त्यांची सून त्यांच्यामागं उभी राहून हे सगळं हळू आवाजात सांगत होती. ते स्वतः जमिनीकडं बघत होते.

त्यांच्यासाठी मी काठ उंच केला, दोन्ही कोपरं टेकतील अशा खोबणी केल्या, कपासाठी खोलगट बैठक. आठवड्यानं ते परत आले. मी त्यांना आमच्या लोखंडी सीटवर बसवलं, मेज उभं केलं आणि चहा मागवला. त्यांनी कोपरं खोबणीत ठेवली. सून पुढं झाली, तशी त्यांनी मानेनंच नको म्हटलं. मी बिजागरीला तेल घालायचं निमित्त करून दुसरीकडं तोंड फिरवलं.

बैठकीत कप ठेवल्याचा आवाज आला तेव्हा मी वळलो. मेज कोरडं होतं. त्यांचं धोतरही कोरडं होतं. त्यांनी मिशी पुसली, सुनेकडं बघितलं आणि मला म्हणाले, "अजून अर्धा कप मिळेल का?"