अळिवाचा लाडू

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही. देवाला तरी काय सांगायचं — तो होताच तिथं. तुम्हाला सांगते.

अमेरिकेत फ्रिस्कोला मुलाकडं असते मी. सून तेजू. आजारपणात तिची पिशवी काढावी लागली. मग कोलंबियातल्या एका बाईच्या पोटात यांचं बाळ वाढवायचं ठरलं. त्याआधी एका रविवारी दोघं टेबलाशी बसून कागदावरचे प्रश्न वाचत होती. जुळं झालं तर? त्या बाईला काही झालं तर? बाळाला पासपोर्ट कुठला? मुलगा उत्तरं लिहीत होता. तेजूनं मान वर केली. "आई, आणि तुम्ही? मला त्याची आई मानाल ना?"

"मानीन की," म्हटलं मी. तेवढं कुणी लिहून घेतलं नाही.

मुलगी झाली. घरी आणली. तेजू गोळ्या घ्यायची, दर तीन तासांनी छातीला पंप लावून बसायची. "आई, डॉक्टर म्हणाली, ट्राय करत राहा, दूध येऊ शकतं." मी हसले. का हसले?

माझी पाच बाळंतपणं. दोन पोरं मातीत गेली. बाराव्या दिवशी वीटभट्टीवर उभी राहायचे, मला कुणी लाडू केला नाही. पण म्हणून मी तसं वागले — असं नाही. मला बोलायचंच होतं.

बारशाला अळिवाचे लाडू केले. अळीव गावाहून मीच आणलेले, तिच्यासाठी म्हणून. बाहेर बायका पाळणा सजवत होत्या. पोर रडायला लागली. तेजू घाईनं आत आली, एक लाडू उचलला. मी ओरडले नाही — हळूच म्हटलं, "ठेव तो. बाळंतिणीचा असतो. तू कुठं बाळंत झालीस?"

तोंडाशी नेलेला लाडू तिनं डब्यात ठेवला. बोटाचं तूप पुसलं. पदर ओढून घेतला नि पाळण्याशी जाऊन उभी राहिली. हसत.

दुसऱ्या दिवशी पंप खोक्यात गेला. मुलाला म्हणाली, "नाही आलं रे दूध. फॉर्म्युलाच देऊ." माझं नाव घेतलं नाही. अजून नाही. पोर पाच वर्षांची झाली, बाटलीवर वाढली.

नाही आलं? लाडवाला हात घातला तेव्हाच तिचं ब्लाउज छातीवर ओलं झालं होतं — पोरीचं रडणं ऐकून. मी ते आधी पाहिलं. मग बोलले.