झोळी बांधायला जागा

दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि आमच्या संस्थेच्या पत्रकावर ठळक अक्षरात छापलेलं असायचं : प्रत्येक मूल सुरक्षित, प्रत्येक मूल लाडकं. मजकूर माझाच. गठ्ठा घेऊन मी दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत गेले. पेठ तालुक्यातून मजुरीला आलेली एक बाई उन्हाने डाग पडू नये म्हणून घडांना जुने कागद गुंडाळत होती. मांडवाच्या तारेला लुगड्याची झोळी, झोळीत तिचं आठ महिन्यांचं पोर. खोकत होतं. शेजारच्या प्लॉटात ट्रॅक्टरने औषध फवारणं चाललेलं. तिने माझी पत्रकं घेतली आणि तीही घडांना गुंडाळली. वाचता येतं का, हे मी विचारलंच नव्हतं.

“ताई, पोराला ठेवू कुठं, तेवढं सांग.”

पत्रकात ते नव्हतं.

मी बागेच्या मालकाच्या घरी गेले. पॅकिंगच्या शेडमध्ये एक कोपरा द्या, एवढंच मागितलं. शेडमध्ये पोरं दिसली तर बालमजुरीचा ठपका येतो, माल परदेशी जात नाही, असं ते म्हणाले. घडावर औषध किती उरलंय ते तपासायला माणूस येतो, हेही अभिमानाने सांगितलं. पोराच्या छातीत किती उरतं ते कोण तपासतं, मी विचारलं. “हळू बोला ताई, आमचा छोटू आत झोपलाय,” ते म्हणाले.

मग मी हळू आवाजात भांडले. वर तक्रार करीन म्हणाले. शेवटी त्यांनी शब्द दिला, यापुढे तान्हं मूल बागेत दिसणार नाही. मी खूश होऊन नाशिकला परतले आणि कार्यालयात सगळ्यांना ऐकवलंही.

चार दिवसांनी गेले, तर बाई कामावर होती, झोळी नव्हती. पोर बांधावरच्या झोपडीत होतं, एकटं. चुलीकडे रांगू नये म्हणून त्याचा पाय दोरीने मेढीच्या खांबाला बांधलेला. कामाला यायचं तर पोर आणायचं नाही, असं मालकाच्या मुकादमाने बजावलं होतं. अट माझी होती. कोपरा तेवढा कुणी दिला नव्हता.

मी दोरी सोडली आणि संध्याकाळपर्यंत त्याला मांडीवर घेऊन बसले. दुपारी ती येऊन त्याला पाजून गेली. संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिने विचारलं, “उद्या येशील?”

उद्या नाशिकला आमची सभा होती. विषय मुलांचाच. मी नाही म्हणाले.

तिने पोर कडेवर घेतलं आणि दोरी उचलून पुन्हा मेढीला अडकवून ठेवली.