ब्लीच करणार नाही

मी मोडनिंबची. बारावीनंतर पार्लरचा कोर्स केला आणि सोलापुरात एका पार्लरमध्ये कामाला लागले. माझा रंग पक्का काळा. पहिल्याच दिवशी आमच्या मॅडम म्हणाल्या, "तू आतच थांब. गिऱ्हाईक म्हणेल, हिलाच गोरं करता आलं नाही, आम्हाला काय करणार?" हाताला सफाई होती, म्हणून टिकले.

गोरं व्हायची खटपट मीही करून बसले होते. मैत्रिणीनं सांगितलं म्हणून मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावायचे. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. आई शेजारणींना बोलावून दाखवायची. लावणं थांबवलं तसा चेहरा लालबुंद झाला, उन्हात गेलं की मिरच्या चोळल्यासारखी आग. डॉक्टर ट्यूब बघून चिडलेच. "अगं, हे गजकर्णाचं औषध. यात स्टेरॉइड आहे. कातडी पातळ करून घेतलीस." सगळं ठीक व्हायला वर्ष गेलं.

एकदा ऐन उन्हाळ्यात सांगोल्याकडच्या एक बाई भाचीला घेऊन पार्लरमध्ये आल्या. पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.

"चार वाजता पाव्हणं येणार हायत," आत्या म्हणाल्या. "लई काळवंडलीया. जरा उजळ करा की."

मी तिला खुर्चीत बसवलं, केस मागं बांधले, ब्लीच कालवलं. दिवा जवळ ओढला आणि हात थांबला. गालांवर लाली, तिच्यात बारीक तांबड्या शिरा. हा चेहरा मी आरशात बघितला होता.

हळूच विचारलं, "ट्यूब लावतेस?"

तिचे डोळे भरले. "चार महिने झाले. आत्या आणती."

मी वाटी खाली ठेवली. "ब्लीच करणार नाही. हिचा चेहरा भाजेल."

"का? आमी काय फुकट मागतोय व्हय?" आत्यांचा आवाज चढला. तो ऐकून मॅडम आत आल्या. पोरीचे गाल त्यांनीही पाहिले. वीस वर्षं या धंद्यात घालवलेली बाई, त्यांना कळलं नसेल असं मी मानत नाही. तरी म्हणाल्या, "दोन मिनिटं ठेव आणि पूस."

"मग तुम्हीच लावा," मी म्हणाले. आणि खुर्चीपासून दोन पावलं मागं सरले. मी काही शूर नव्हे.

मॅडमनी खरोखरच ब्रश उचलला. पण तेवढ्यात पोरगीच खुर्चीतून उठली. "मला नको."

"अगं, पाव्हण्यास्नी काय तोंड दाखवू मी?"

"माझं दाखव की. हे हाय."

तिनं बेसिनवर गार पाण्यानं तोंड धुतलं, ओढणीनं टिपलं आणि जिना उतरली. आत्या पुटपुटत मागोमाग. संध्याकाळी मॅडमनी मला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मी माझी कात्री तेवढी पिशवीत टाकली.

तोंड धुताना बेसिनपाशी त्या पोरीनं हळूच माझा नंबर घेतला होता. आठेक दिवसांनी तिचा फोन आला. मुलाची आई म्हणाली होती, फोटोत वेगळीच दिसते. नकार आला. आत्यांनी अबोला धरला.

"आणि तुला काय वाटलं?"

"मला भूक लागली होती. पाव्हण्यांचे उरलेले पोहे मीच खाल्ले."

दोघी पोट धरून हसलो. पुढं माझ्याच डॉक्टरांकडं तिला घेऊन गेले. चेहरा बरा झाला, म्हणजे पुन्हा तिच्या मूळ रंगावर आला.

आता माझं स्वतःचं एका खोलीचं पार्लर आहे. केस कापते, भुवया करते, मेंदी काढते. ब्लीच ठेवत नाही. परवा एक आई नववीतल्या लेकीला घेऊन आली, म्हणाली, "सावळी आहे, काहीतरी करा." मी म्हटलं, "केस छान कापून देते. रंगाला काही झालेलं नाही." ती तणतणत निघून गेली. माझी बहीण म्हणते, अशानं धंदा चालायचा नाही.

चालतो. हळू चालतो, पण माझ्या हातानं कुणाचं तोंड भाजत नाही.