टेबलावर थापलेलं इंग्रजी

आमच्या घरात इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडं होतं, कारण दुसरं कुठलंच काम मला जमत नव्हतं. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. माझी बायको सुनंदा हिला कागलच्या एमआयडीसीतून टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. तिला ही नोकरी मनापासून हवी होती. मलाही हवी होती (माझा कारखाना बंद पडला होता).

लांब शब्दाचे तुकडे पाडायचे आणि एकाच तुकड्यावर जोर द्यायचा, असं मी गाइडमध्ये वाचलं होतं.

"जोर म्हंजे किती द्यायचा?" सुनंदानं परातीत भाकरी थापता थापता विचारलं.

"भाकरी थापताना देतीस तेवढा."

इथंच घोळ झाला. कम्-म्यु-नि-के-शन! चार तुकड्यांना हलकी थाप, 'के'ला दणका. आठवडाभर आम्ही भोकं पडलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. "सूनबाई, इंग्रजी जरा हळू थाप की," आई म्हणायची. पण शब्द असे सुटे व्हायला लागले, की माझी छाती अभिमानानं फुगली.

मुलाखतीला मी सोबत गेलो आणि काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो. साहेबांनी शिक्षण विचारलं. थापल्याशिवाय सुनंदाच्या तोंडून शब्दच निघेना! शेवटी तिनं साहेबांच्या टेबलावर हात ठेवला.

"ग्रॅ-ज्यु-ए-शन."

'ए'ला कपबशी उडाली आणि चहा साहेबांच्या शर्टावर.

मी आत धावलो. "साहेब, तिची चूक न्हाय. मी शिकवलंय तिला."

"तुम्ही? मग 'रिस्पॉन्सिबिलिटी' म्हणून दाखवा."

मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा मधेच अडकलो. सुनंदानं पदराखाली मांडीवर थापत तो शब्द स्वच्छ म्हटला. साहेब शर्ट पुसता पुसता हसायला लागले. "फोनवर टेबल दिसत नाही. सोमवारपासून या, बाई. एकट्या या."

त्या दिवशी मला इतका आनंद झाला, की घरी येईपर्यंत मी रस्त्यावरच्या प्रत्येक इंग्रजी पाटीचे तुकडे पाडले. सगळे चुकले.

पुढं तिचं इंग्रजी ऐकायला मी रोज कोपऱ्यावरच्या पीसीओवरून कंपनीत फोन लावायचो. पलीकडून ती इतकं फर्डं बोलायची, की माझी जीभच टाळ्याला चिकटायची आणि मी फोन ठेवून द्यायचो.

"अवो, कुणीतरी येडं रोज फोन करतंय आन् न बोलता ठेवतंय," एका संध्याकाळी ती म्हणाली.

"असत्यात अशी माणसं," मी म्हटलं.