फुलावर लावलेलं चाक

उधव्याच्या पाड्यावर सुक्याला सगळे फोटोवाला म्हणत. तसा तो कामाला घोलवडच्या चिकूवाडीत. मालकाच्या मुलाने, जतीनशेटने, नवा मोबाईल घेतला आणि आपला खिशात मावणारा जुना कॅमेरा सुक्याला देऊन टाकला. तेव्हापासून बारसं असो की तारप्याचा नाच, सुक्या कॅमेरा घेऊन हजर. फोटो फुकट काढायचा आणि वर ऐटीत ओरडायचा, "दात दाखवा!"

कॅमेऱ्यावर एक चाक होतं, त्यावर बारीक बारीक चित्रं. अक्षरांशी सुक्याचं कधी जमलं नाही, पण चित्र ओळखायला काय शाळा लागते? डोंगर म्हणजे डोंगर, पळता माणूस म्हणजे नाच, आणि फूल म्हणजे लग्न. यात विचारायचं काय! दुसऱ्यांच्या लग्नात तो जतीनशेटने लावून दिलेल्या हिरव्या खुणेवरच भागवायचा. फूल त्याने स्वतःच्या लग्नासाठी राखून ठेवलं होतं.

स्वतःचं लग्न म्हणजे ठकीशीच. दोघं कधीपासून एकत्र नांदत होती, मुलगी पुष्पाही लग्नाच्या वयाची झाली होती, पण यांचा विधी राहून गेलेला. आणि पाड्याच्या रीतीने आईबापाचं लग्न लागल्याशिवाय मुलीचं लागत नाही, म्हणून आधी यांनाच हळद लागली. नवरदेवाने चाक फुलावर लावलं, कॅमेरा पुष्पाकडे दिला आणि बजावलं, "चाकाला हात नाय लावायचा."

ठकी कॅमेऱ्याला भारी लाजायची. तो दिसला की पदर ओढून घरात पळायची. त्या दिवशी पळायची सोय नव्हती. पुष्पा जवळ आली तसा ठकीने हात पुढे केला. "राहू दे गं, नको!" पुष्पाने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

तो फोटो पुसट आला, बाकीचेही तसेच. सुक्या भडकला. "तुझा हातच थरथरतो!" पुष्पा रडली. ठकी मात्र हसत म्हणाली, "बरं झालं."

यंदा ठकी गेली. तापाचं निमित्त झालं आणि चालतीबोलती बाई हातची गेली. भिंतीवर लावायला तिचा एक धड फोटो नव्हता. आधार कार्डावरची ती भेदरलेली बाई ठकी वाटतच नव्हती. त्यात डोळे मिटले तरी तिचं तोंड नीट समोर येईना, तसा सुक्याचा जीव कासावीस झाला. ठकी दुसऱ्यांदा निघून चालली, असंच त्याला वाटू लागलं. शेवटी कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन तो तलासरीला मनिषच्या स्टुडिओत गेला.

मनिषने लग्नातला तो फोटो पडद्यावर मोठा केला आणि मान हलवली. "काका, चेहरा साफ नाही होणार. फुलावर लावून काढलाय ना? फुलाची खूण अगदी जवळचं टिपायला असते. लांबचं धुरकट येतं."

सुक्या पडद्याकडे वाकला. "मंग पोरीचा हात नव्हता हलला?"

"छे! हे बघा ना."

ठकीने पुढे केलेला तळवा लख्ख आला होता. रेषांत भरलेली हळद, अंगठ्याखाली विळ्याचा वण, वाकडी करंगळी. मागे चेहऱ्याच्या जागी नुसता पिवळट धूर.

"आधारवरचा चेहरा बसवून देऊ का?" मनिष हळूच म्हणाला. "कोणाला कळायचं नाही."

"मला कळंल," सुक्या म्हणाला. "हाताचाच दे."

पुष्पा माहेरी आली होती. फोटो भिंतीवर टांगून सुक्या तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुझा हात नव्हता हलला, पोरी. चाक मीच चुकीचं लावलं. उगाच बोललो तुला."

पुष्पा पुढे झाली. तिने त्या वाकड्या करंगळीवरून बोट फिरवलं.

"बाबा," ती म्हणाली, "आय अजून नकोच म्हणते."

दोघं हसायला गेली आणि दोघांनाही रडू फुटलं.