वाल्बोर्ग गप्प राहते

वाल्बोर्ग टोरुपसमोर आपलं वाक्य आपणच पूर्ण करणं ही आमच्या गावात चैन होती. तुम्ही "काल बंदरावर मला..." म्हणेपर्यंत "मासे स्वस्त मिळाले," असं ती म्हणून मोकळी. बाईला धीर म्हणून नव्हता. दिवसा ती डेअरीत दुधाचे नमुने तपासायची. मीही तिथेच कामाला होतो, त्यामुळे अर्धी वाक्यं बोलायची मला सवयच लागली होती. हिवाळ्यातल्या संध्याकाळी गावच्या सभागृहात ती रंगमंचाच्या कडेशी असलेल्या खड्ड्यात बसे आणि अडलेल्या नटाला शब्द पुरवी. नट म्हणजे आम्हीच, शेतकरी, न्हावी, डेअरीवाले. वर्षाला एक नाटक, मग कॉफी, केक आणि नाच.

आम्हा डॅनिश लोकांचा एक शब्द आहे, 'प्रोवे'. नाटकाची तालीम म्हणजे प्रोवे, दुधाचा नमुना म्हणजे प्रोवे, शाळेतली परीक्षा तीच, डॉक्टरकडे रक्त द्यायचं तेही तेच, आणि शिंप्याकडे अर्धा शिवलेला कोट घालून बघायचा तर तेही. "आज प्रोवे आहे," असं वाल्बोर्ग म्हणाली, की कसली ते विचारावं लागे.

यंदा नाटक बसवायला क्लाइव्ह होता. गावातल्या मुलीशी लग्न करून इथेच राहिलेला इंग्रज. आम्ही सगळं एकाच शब्दात भागवतो याचं त्याला फार हसू यायचं. त्यांच्या भाषेतल्या 'रिहर्सल'च्या पोटात म्हणे कुळव आहे. एकदा कुळवलेल्या रानात पुन्हा कुळव घालायचा, तशी तालीम. शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. मग हा इंग्रज गडी म्हणाला, मयत नेणाऱ्या गाडीला आम्ही 'हर्स' म्हणतो, तेही त्याच कुळवातून आलंय.

"हे आजच सांगायचं होतं?" वाल्बोर्ग खड्ड्यातून फिस्कारली.

कारण समोर अक्सेल उभा होता. अक्सेल तिचा नवरा. वसंतात त्याच्या मेंदूत गुठळी झाली आणि त्याचे शब्दच गेले. हळूहळू परत आले, पण मधूनच एखादा दडी मारायचा. तरी यंदा मुख्य काम मीच करणार म्हणून तो हटून बसला होता. शेवटच्या अंकात मुलगी म्हाताऱ्या नावाड्याला विचारते, "बाबा, मी जाऊ?" तो बराच वेळ गप्प राहतो आणि मग म्हणतो, "जा. दिवा मी लावून ठेवीन." ती शांतता क्लाइव्हने मुद्दाम घातलेली. आणि दर तालमीला वाल्बोर्ग त्या शांततेत शब्द फेकायची, "जा. दिवा मी..."

चौथ्या-पाचव्या खेपेला अक्सेलने पाय आपटला. "अगं, विसरलो नाहीये, गप्प आहे! घरी तेच, इथे तेच. मी बोलायचं कधी?"

"गप्प आहेस की विसरलायस, ते मला खालून कसं कळणार?"

"कळायचं कशाला? यापुढे एक शब्द सांगू नकोस मला. इथेही नाही, घरीही नाही. वचन दे."

तिने दिलं. नंतर डेअरीत तिने बाटल्यांवर भलत्याच चिठ्ठ्या चिकटवल्या. मी कावलो, तर म्हणाली, "सगळ्या गावासमोर तो शब्द शोधत उभा राहिला आणि मी पुस्तक घेऊन खाली नुसती बसून असले, तर?"

"तर सांगून टाक. वचनाचं लोणचं घालायचंय?"

"तुझं लग्न झालेलं नाही," ती म्हणाली. हे मात्र तिने मला टोचायलाच ऐकवलं. मला राग आला, कारण खरं होतं.

प्रयोगाला सभागृह खचाखच भरलं. नाटकात मी पाद्री होतो. शेवटच्या अंकात मला काही काम नव्हतं, त्यामुळे मला खड्डा सरळ दिसत होता. मुलीने विचारलं, "मी जाऊ?" अक्सेल गप्प. वाल्बोर्गने गळ्यातल्या रुमालाचं टोक दातांत धरलं. अक्सेल गप्पच. कुणीतरी खोकलं. गेला, याचा शब्द गेला, असं मला वाटलं. वाल्बोर्गच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंड घट्ट मिटलेलं.

"जा," अक्सेल म्हणाला. "दिवा मी लावून ठेवीन."

टाळ्या थांबेनात. मग टेबलं मांडली, कॉफी आली. जो तो येऊन अक्सेलची पाठ थोपटत होता. स्वारी खुशीत होती. कप पुढे ओढून क्लाइव्हला म्हणाली, "जरा ते दे... ते."

क्लाइव्हने दूध सरकवलं. अक्सेलने मान हलवली. चमचा दिला. तेही नाही. साखर वाल्बोर्गच्या कोपरापाशी होती. नुसतं भांडं ढकललं असतं तरी भागलं असतं, पण तेही सांगणंच झालं असतं. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती समोर बघत राहिली. टेबलावरचे सगळे वळून बघायला लागले. अक्सेलचे कान लाल झाले. इथे कसलं आलंय वचन, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

अक्सेल तिच्याकडे वळला. टेबलाखाली त्याने तिचा हात धरलेला मला दिसला.

"सांग ना गं," तो म्हणाला.

"साखर," वाल्बोर्ग म्हणाली.